नव्या कराराची पुस्तके कशासाठी लिहिली गेली?

येशूने स्वतः काहीच लिहून ठेवले नाही. तो अरामी बोले आणि शिकवणही तोंडीच देई. त्याला क्रुसावर चढवले गेले ते इ.स. ३० च्या सुमारास. नव्या करारातले, म्हणजे बायबलच्या ख्रिस्ती भागातले, बहुधा सर्वांत जुने लिखाण मात्र इ.स. ५० च्या आसपासचे आहे. मधल्या वीसेक वर्षांत अनुयायांचे स्वतःच्या ग्रंथावाचून काही अडले नाही, कारण धर्मग्रंथ त्यांच्याकडे होताच: ज्यूंचे नियमशास्त्र, संदेष्ट्यांचे ग्रंथ आणि स्तोत्रे. ग्रीकभाषक ज्यू ते ज्या भाषांतरातून वाचत, त्याची सुरुवात इ.स.पू. तिसऱ्या शतकात अलेक्झांड्रियात झाली होती. पहिले ख्रिस्ती लोक ‘शास्त्रलेख’ म्हणत ते यालाच. आपण त्यात भर घालत आहोत, असे मंडळ्यांना पत्रे लिहिणाऱ्या प्रेषित पौलाच्या मनात होते असे त्याची पत्रे वाचताना मला कुठेही जाणवत नाही.

त्याच्यासमोर होती ती माणसे आणि त्यांच्या अडचणी. थेस्सलनीका या ग्रीक शहरातल्या मंडळीतले, म्हणजे ख्रिस्ती समुदायातले, काही जण वारले होते. प्रभू येशू परत येईल तेव्हा हे वारलेले लोक त्याच्या भेटीला मुकणार का, या शंकेने मागे राहिलेले कासावीस झाले होते. पौलाने त्यांना धीर देणारे पत्र पाठवले आणि शेवटी प्रभूची शपथ घालून बजावले, की हे सर्व बंधूंना वाचून दाखवा. ही सूचना मला फार मोलाची वाटते. बहुतेकांना वाचता येत नव्हते, त्यामुळे पत्र मंडळीपर्यंत पोचायचे ते कानांवाटे. लिहिणाराही पुष्कळदा दुसराच असे. रोमकरांसाठीचे पत्र तिर्तियाने उतरवून घेतले आणि त्यात स्वतःचाही सलाम घातला. त्याच पत्रात किंख्रियाच्या मंडळीची सेविका फिबी हिचा आदराने स्वीकार करा, अशी विनंती आहे. ते पत्र रोमला नेणारी बहुधा तीच. फिलेमोनाला लिहिलेले पत्र तर अनेसिम नावाच्या एका गुलामाला मायेने परत घ्यावे म्हणून केलेली आर्जव आहे. अशी पत्रे पुढे वेदीवरून वाचली जातील, हे त्या अनेसिमाच्या स्वप्नातही नसेल.

शुभवर्तमानांची, म्हणजे येशूची कथा सांगणाऱ्या पुस्तकांची, गरज थोडी उशिरा भासली. येशूला प्रत्यक्ष पाहिलेली पिढी सरत चालली होती, आणि इ.स. ७० मध्ये रोमन सैन्याने यरुशलेमचे मंदिर उद्ध्वस्त केले. मार्काचे शुभवर्तमान साधारण याच सुमाराचे मानले जाते. तो जेवणाआधी हात धुण्याची ज्यूंची रीत मुद्दाम समजावून सांगतो, म्हणजे ऐकणाऱ्यांत ती रीत माहीत नसलेले लोक होते. मत्तय आणि लूक त्यानंतरचे, योहान शतकाच्या शेवटाकडचा. लूक थियफिलाला सांगतो, की पुष्कळांनी हे वृत्त लिहिले आहे, तरी तुला मिळालेल्या शिक्षणाची खात्री पटावी म्हणून मी सर्व शोध घेऊन क्रमाने लिहितो. तुम्ही विश्वास धरावा आणि त्यातून तुम्हाला जीवन मिळावे म्हणून हे लिहिले, असे योहान उघड सांगतो. हेतू इतक्या स्पष्टपणे मांडलेला असताना या पुस्तकांकडून आधुनिक चरित्राची अपेक्षा धरणे हा त्यांच्यावर अन्याय आहे.

दुसऱ्या शतकाच्या मध्यावर रोममध्ये ख्रिस्ती लेखक जस्टिन लिहितो, की रविवारच्या सभेत प्रेषितांच्या आठवणी किंवा संदेष्ट्यांचे लेख वेळ असेल तोवर वाचले जातात. नवे लिखाण जुन्या शास्त्राच्या पंक्तीला येऊन बसले ते या वाचनातून. मग कोणते वाचायचे, हा प्रश्न उभा राहिला आणि मार्सियन या ख्रिस्ती शिक्षकाने तो धारदार केला. ज्यूंचे शास्त्र त्याने पूर्ण नाकारले. लूकाचे काटछाट केलेले शुभवर्तमान आणि पौलाची दहा पत्रे एवढेच त्याने ठेवले. इ.स. १४४ च्या सुमारास रोमच्या मंडळीने त्याला दूर केले. इ.स. १८० च्या आसपास लियाँचा बिशप आयरेनियस ठामपणे म्हणतो, की शुभवर्तमाने चारच: कमी नाहीत, जास्त नाहीत.

त्याच १८० साली कार्थेजमध्ये काही ख्रिस्ती रोमन अधिकाऱ्यापुढे उभे केले गेले. तुमच्या पेटीत काय आहे, असे त्याने विचारले. त्यांच्यातला स्पेरातुस म्हणाला, ग्रंथ आणि पौल नावाच्या एका नीतिमान माणसाची पत्रे. त्या सर्वांना मृत्युदंड झाला. पुढे इ.स. ३०३ मध्ये सम्राट डायोक्लेशियनने हे ग्रंथ जाळण्याचाच हुकूम काढला. कोणते पुस्तक जिवापाड जपायचे आणि कोणते शिपायांच्या हवाली केले तरी चालेल, हे तेव्हा मंडळ्यांना खरोखर ठरवावे लागले असणार.

निकियाला भरलेल्या बिशपांच्या परिषदेत (३२५) मतदान घेऊन बायबल ठरवले, ही लोकप्रिय कथा आहे. तिला आधार नाही. आजच्या २७ पुस्तकांची नेमकी यादी आपल्याला प्रथम दिसते ती इ.स. ३६७ मध्ये अलेक्झांड्रियाचा बिशप अथानासियस याने लिहिलेल्या पुनरुत्थान-सणाच्या पत्रात. तीही सगळीकडे लगेच लागू झाली नाही. सुरियानी भाषेतल्या पेशित्ता बायबलात मुळात २२ च पुस्तके होती. पेत्राचे दुसरे पत्र, योहानाचे दुसरे व तिसरे, यहूदाचे पत्र आणि प्रकटीकरण त्यात नव्हते. पूर्वेकडच्या असिरियन चर्चच्या उपासनेत या पाच पुस्तकांतले पाठ आजही वाचले जात नाहीत.