एन-४०० भरलाय, आता भारतात जाऊन यायचं का?

अमेरिकेच्या नागरिकत्वाचा अर्ज, म्हणजे फॉर्म एन-४००, भरला की पाठोपाठ प्रश्न येतोच: "डिसेंबरात बहिणीचं लग्न आहे, जाऊ का?" खुशाल जा. अर्ज प्रलंबित असताना देशाबाहेर जायला बंदी नाही, वेगळी परवानगीही लागत नाही. नागरिकत्वाची शपथ होईपर्यंत तुम्ही ग्रीन कार्डधारकच असता. भारतीय पासपोर्टवर जायचं, पासपोर्ट आणि ग्रीन कार्ड दाखवून परत यायचं. घोळ होतो तो दिवसांच्या हिशोबात आणि घरी येणाऱ्या पत्रांत.

आधी हिशोब. ग्रीन कार्डाला ५ वर्षं झालेली लागतात, अमेरिकी नागरिक असलेल्या जोडीदारासोबत राहत असाल तर ३. अर्ज त्याआधी ९० दिवसांपर्यंत करता येतो. या ५ वर्षांत किमान ३० महिने (३ वर्षांच्या वाटेने किमान १८) प्रत्यक्ष अमेरिकेत काढलेले हवेत. हे महिने अर्जाच्या तारखेपर्यंतच मोजतात, त्यामुळे नंतरच्या फेरीने ते कमी होत नाहीत.

'सलग वास्तव्या'ची अट मात्र शपथेपर्यंत पाठ सोडत नाही. एकच फेरी ६ महिन्यांपेक्षा लांबली की वास्तव्य तुटलं असं धरतात, आणि नोकरी चालू होती, घर ठेवलं होतं, बायको-मुलं इथेच होती, हे कागदांनिशी पटवायचं काम आपलं. वर्ष भरलं तर वाद घालायलाही जागा नाही; काही ठरावीक नोकऱ्यांसाठी एन-४७० (वास्तव्य तुटू नये म्हणून करायचा अर्ज) मंजूर असेल तेवढा अपवाद. री-एन्ट्री परमिट (लांब मुक्कामानंतर परत येण्याचा परवाना) ग्रीन कार्ड वाचवतं, सलग वास्तव्य वाचवत नाही. वडिलांच्या आजारपणात "अजून पंधरा दिवस" करत माणूस कधी सहा महिने ओलांडतो कळत नाही, म्हणून कॅलेंडरवर तारीख आधीच मारून ठेवा.

आता पत्रं. बोटांचे ठसे, मुलाखत आणि शपथविधी, तिन्हीच्या तारखा सरकार ठरवतं. मी कोल्हापुरात असताना माझं मुलाखतीचं पत्र इकडे अमेरिकेतल्या टपालपेटीत पडलं. शेजारच्या काकूंनी फोटो काढून पाठवला तेव्हा हातात अकरा दिवस होते. तिकीट बदलायला चांगलेच पैसे गेले, पण मुलाखत चुकली नाही. तारीख बदलून मागता येते. नवी कधी मिळेल हे मात्र आपल्या हातात नसतं. न कळवता मुलाखतीला गेलात नाहीत तर फाइल बंद होऊ शकते, आणि ती पुन्हा उघडायची विनंती वर्षाच्या आत करावी लागते. शपथविधी सबळ कारणाशिवाय एकापेक्षा जास्त वेळा चुकवला तर अर्ज सोडून दिला असं समजतात. म्हणून यूएससीआयएसचं (हे अर्ज हाताळणाऱ्या अमेरिकी सरकारी संस्थेचं) ऑनलाइन खातं रोज बघा आणि पेटीची किल्ली कुणाकडे तरी देऊन जा. अमेरिकेतलं पोस्ट तुमची पत्रं थांबवून ठेवतं खरं, पण जास्तीत जास्त ३० दिवस.

सोबत काय न्यायचं? कार्डाची मुदत संपली असेल तर एन-४०० ची मूळ पावती. १२ डिसेंबर २०२२ पासून भरलेल्या अर्जांच्या पावतीवर कार्डाला २४ महिन्यांची वाढ मिळते. विमान कंपनीच्या काउंटरवर फोनमधला फोटो दाखवून हुज्जत घालण्यापेक्षा कागद बरा. मुलाखतीला जुने-नवे सगळे पासपोर्ट आणि अर्जानंतरच्या प्रवासांची यादी न्या, अधिकारी विचारतात. यादीत एक बारीक चूक हमखास होते: नेवार्कहून ३ तारखेला रात्री निघालात तर मुंबईचा शिक्का ४ किंवा ५ चा असतो. अमेरिका सोडल्याची तारीख ३, तीच लिहा. निघाल्याचा आणि परतल्याचा दिवस दोन्ही अमेरिकेतलेच धरतात. मुलाखतीनंतर शपथेआधी बाहेर जाऊन आलात तर शपथेच्या दिवशीच्या फॉर्म एन-४४५ मध्ये तेही सांगावं लागतं.

आणि शपथेच्या पुढच्या आठवड्याचं तिकीट काढू नका. ग्रीन कार्ड तिथेच जमा होतं. भारत दुहेरी नागरिकत्व मानत नाही, त्यामुळे भारतीय पासपोर्टवरही प्रवास करता येत नाही. तो रीतसर परत करायचा असतो. आधी अमेरिकी पासपोर्ट, मग भारताचा व्हिसा किंवा ओसीआय (परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांना मिळणारं कार्ड), आणि मगच तिकीट.