शेव्हर्ले इंपाला : इंजिने आणि साजश्रेण्या (१९५८–६९)

अमेरिकेतील जनरल मोटर्स कंपनीच्या शेव्हर्ले विभागाची पूर्णाकाराची मोटारगाडी. शेव्हर्लेच्या मोठ्या गाड्यांच्या उतरंडीत १९५८ ते १९६५ या काळात ‘इंपाला’ ही सर्वांत वरची पायरी होती. तिचे वैशिष्ट्य असे की, बाहेरचा-आतला साज आणि बॉनेटखालचे इंजिन या दोन गोष्टी गिऱ्हाइकाला बव्हंशी वेगवेगळ्या निवडता येत. त्यामुळे एकाच वर्षाच्या, एकाच रंगाच्या, शेजारी उभ्या दोन इंपाला आतून पूर्ण वेगळ्या गाड्या असू शकतात. नोंदीतील साले मॉडेल-वर्षाची आहेत. अमेरिकन प्रथेप्रमाणे नव्या वर्षाची गाडी आदल्या शरद ऋतूतच विक्रीला येई. अश्वशक्तीचे आकडे जुन्या ‘स्थूल’ पद्धतीचे आहेत. त्यांत इंजिन चाचणीच्या चौकटीवर, एअर क्लीनर आणि गाडीचा प्रत्यक्ष एक्झॉस्ट न जोडता मोजले जाई. १९७२ पासून रूढ झालेले ‘निव्वळ’ आकडे याहून बरेच कमी भरतात. दोहोंची थेट तुलना करू नये.

नाव व उगम. इंपाला हे आफ्रिकेतील चपळ कुरंगाचे झुलू भाषेतून आलेले नाव. गाडीच्या बोधचिन्हात तो उडी घेताना दिसतो. हे नाव प्रथम १९५६ साली जनरल मोटर्सच्या ‘मोटोरामा’ या फिरत्या प्रदर्शनात ‘कॉर्व्हेट इंपाला’ या पाच आसनी नमुन्याला दिले गेले. पुढे ते विक्रीच्या गाडीवर आले, पण स्वतंत्र श्रेणी म्हणून इंपाला कधी सुरू झाली याबद्दल लेखकांत एकमत नाही. १९५८ साली ती कागदोपत्री ‘बेल एअर’ श्रेणीचीच उपशाखा होती आणि दोन दारांचा हार्डटॉप (मधल्या खांबाविना, पक्क्या छताची बॉडी) व कन्व्हर्टिबल या दोनच बॉडींत मिळे. चार दारांच्या बॉडींसह स्वतंत्र श्रेणी झाली ती १९५९ साली. म्हणून काही जण १९५९ हेच आरंभवर्ष धरतात. मात्र १९५८ च्या इंपालाचे छत आणि मागचा भाग त्या वर्षीच्या बेल एअरपेक्षा मुळातच वेगळा घडवलेला आहे. शिवाय मागे प्रत्येक बाजूला तीन दिवे आहेत. बेल एअरला दोनच. यंत्रशाळेच्या दृष्टीने पाहता १९५८ हेच आरंभवर्ष मानणे अधिक योग्य वाटते. मागचे हे तीन-तीन गोल दिवे १९५९ चा अपवाद वगळता पुढे अनेक वर्षे इंपालाची खूण राहिले. रात्रीच्या रस्त्यावर मागून येणारा ते मोजून श्रेणी सांगू शके.

श्रेण्या. १९५९ पासून क्रम असा होता: तळाला ‘बिस्केन’, मध्ये ‘बेल एअर’, वर ‘इंपाला’. तिन्हींची चासी, पुढच्या-मागच्या चाकांतले अंतर (१९५९ पासून ११९ इंच, म्हणजे सुमारे ३.०२ मी.) आणि इंजिनांची यादी जवळजवळ सारखीच. फरक गालिचा, सीटचे कापड, घड्याळ, क्रोमच्या पट्ट्या आणि दिवे यांत. १९५८ ते १९६४ पर्यंतच्या गाड्यांना ‘एक्स’ आकाराची चासी होती. तिला बाजूच्या लांब तुळया नसल्याने गाडी बसकी करता आली, पण बाजूने बसणाऱ्या धडकेला आधार कमी मिळतो अशी टीका तेव्हाही झाली. १९६५ साली तिच्या जागी कडेने फिरणारी चौकट आली.

बॉडींबाबत एक तपशील दुर्लक्षित राहतो. मधल्या खांबाची, दोन दारांची सेडान इंपाला श्रेणीत १९६१ या एकाच वर्षी होती. त्याच वर्षीचा हार्डटॉप त्याच्या बारीक खांबांमुळे आणि फुगीर मागच्या काचेमुळे ‘बबल टॉप’ म्हणून ओळखला जातो. १९६२ साली ते छत इंपालातून गेले आणि बेल एअरमध्ये उरले. शर्यतवाल्यांनी त्या वर्षी हलक्या आणि स्वस्त बेल एअरलाच मोठे इंजिन घालून घेतले, त्याचे एक कारण हेही आहे. वरची श्रेणी म्हणजे वेगवान गाडी हा समज म्हणूनच चुकीचा आहे.

इंजिने. मूळ किमतीत मिळे ते ओळीतले सहा सिलिंडरी इंजिन. १९६२ पर्यंत ते २३५ घन इंचांचे (३.९ लि.) होते. १९५८ साली त्याची शक्ती १४५ अश्वशक्ती होती. १९६३ पासून २३० घन इंचांचे, १४० अश्वशक्तीचे नवे इंजिन आले. सहा सिलिंडरी गाडीवर व्ही-८ इंजिनाचे (‘व्ही’ आकारात मांडलेले आठ सिलिंडर) ‘व्ही’ चिन्ह नसते. अशा गाड्या रस्त्यावर पुष्कळ होत्या, पण आज त्यांच्याबद्दल कोणी फारसे लिहीत नाही. ही खंत वाटावी अशीच बाब आहे.

व्ही-८ मध्ये पहिली पायरी २८३ घन इंच (४.६ लि.). १९५८ साली दुपदरी (दोन नळ्यांच्या) कार्ब्युरेटरसह ते १८५ आणि चौपदरी कार्ब्युरेटरसह २३० अश्वशक्ती देई. इंधन-अंतःक्षेपणाची २५० अश्वशक्तीची आवृत्तीही यादीत होती, पण ती दुर्मिळ. याच कुळातले ३२७ घन इंचांचे इंजिन १९६२ साली २५० व ३०० अश्वशक्तीच्या दोन आवृत्त्यांत आले. रोजच्या वापरासाठी इंपालात बसलेले सर्वांत समतोल इंजिन हेच, असे म्हणता येईल. २८३ ची जागा १९६८ साली ३०७ घन इंचांच्या इंजिनाने घेतली.

खरा वाद आहे तो ‘डब्ल्यू’ कुळातील मोठ्या इंजिनांचा. १९५८ साली ३४८ घन इंच (५.७ लि.) आणि १९६१ साली त्याचेच वाढवलेले ४०९ घन इंच (६.७ लि.) इंजिन आले. व्हॉल्व्ह कव्हरची कडा लाटांसारखी खालीवर जाते आणि ‘डब्ल्यू’ अक्षरासारखी दिसते, त्यावरून हे नाव पडले. रचना अनोखी आहे. सामान्य इंजिनात ज्वलनकक्ष हेडमध्ये (सिलिंडरवरच्या झाकणात) कोरलेला असतो. इथे हेडची खालची बाजू जवळजवळ सपाट आहे. ब्लॉकचा (सिलिंडर ज्यात असतात त्या मुख्य भागाचा) वरचा पृष्ठभाग सिलिंडरच्या अक्षाशी ९० ऐवजी ७४ अंशांत कापलेला आहे. या तिरकस कापामुळे पाचरीसारखी पोकळी सिलिंडरच्या तोंडातच तयार होते आणि पिस्टनचा माथा तिला जुळेल असा घडवावा लागतो. हेड उघडून सिलिंडरमध्ये वरून पाहिले तर तोंड गोल न दिसता लंबगोल दिसते. जुना मेकॅनिकसुद्धा पहिल्यांदा थबकतो तो इथे.

हे इंजिन मुळात ट्रकसाठी होते आणि नंतर गाडीत बसवले, असे विधान अनेक ठिकाणी सापडते. त्याच्या बाजूने दोन मुद्दे मांडले जातात. पहिला, ३४८ हे शेव्हर्लेच्या जड ट्रकांतही वापरले गेले. दुसरा, ज्वलनकक्ष ब्लॉकमध्ये असल्याने हेड न बदलता केवळ पिस्टन आणि ब्लॉकवरील खाचा बदलून ट्रकसाठी संपीडन कमी ठेवता येते. उलट पक्षाचे म्हणणे असे की, ट्रक आणि गाडी या दोहोंत ते १९५८ सालीच, एकदम आले. त्या काळी गाड्यांचे वजन वाढत होते आणि २८३ चे कुळ किती ताणता येईल याची खात्री नव्हती, म्हणून मोठे इंजिन दोन्हींसाठी एकत्रच आखले गेले. उपलब्ध तारखा पाहता दुसरे मत अधिक सयुक्तिक ठरते. ‘ट्रकचे इंजिन’ हा शेरा बहुधा त्याच्या वजनावरून आणि ट्रकमधील कामगिरीवरून मागाहून चिकटला असावा.

शर्यतीतील पुरावा तर या शेऱ्याशी जुळतच नाही. १९६० ची डेटोना ५०० शर्यत ज्युनियर जॉन्सनने ३४८ इंजिनाच्या शेव्हर्लेवर जिंकली. १९६१ साली कॅलिफोर्नियात पोमोना येथील विंटरनॅशनल्स या ड्रॅग (थोड्या अंतराच्या सरळ) शर्यतीत डॉन निकोल्सनने ४०९ वर स्टॉक गटाचे विजेतेपद मिळवले. १९५८ साली ३४८ च्या आवृत्त्या २५० पासून ३१५ अश्वशक्तीपर्यंत होत्या. तीन दुपदरी कार्ब्युरेटरची २८० अश्वशक्तीची मांडणी त्यांतलीच. ४०९ ची शक्ती १९६१ साली ३६० होती. १९६२ साली एका चौपदरी कार्ब्युरेटरने ती ३८० झाली, तर दोन कार्ब्युरेटरने नेमकी ४०९. दर घन इंचाला एक अश्वशक्ती हे समीकरण जाहिरातीसाठी हवेच होते. १९६३ पासून ३४०, ४०० व ४२५ अश्वशक्तीच्या तीन आवृत्त्या मिळत. पॉवरग्लाइड हा दोन गतींचा स्वयंचलित गिअर त्यांपैकी फक्त ३४० वाल्याला लावता येई. उरलेल्यांना हाताचाच गिअर.

‘४२७’ या आकड्याने हमखास घोटाळा होतो. कारण या घनफळाची तीन इंजिने वेगळी आहेत. (१) १९६३ चे ‘झेड-११’: ‘डब्ल्यू’ कुळातलेच, ड्रॅग शर्यतीसाठी, ४३० अश्वशक्तीचे, पुढील पत्रे अ‍ॅल्युमिनियमचे केलेल्या मोजक्या गाड्यांत बसवलेले. त्यांची संख्या सर्वसाधारणपणे ५७ दिली जाते. जानेवारी १९६३ मध्ये जनरल मोटर्सने शर्यतींतून अंग काढून घेतले आणि ही शाखा तिथेच खुंटली. (२) त्याच वर्षी डेटोनाला दिसलेले तथाकथित ‘गूढ इंजिन’, जे विक्रीच्या गाडीत आलेच नाही. (३) १९६६ पासून इंपालात मिळणारे ‘मार्क-४’ कुळातील ४२७, ३९० व ४२५ अश्वशक्तीचे. मार्क-४ चा वंश दुसऱ्याशी जोडता येतो, पहिल्याशी नाही. या कुळात ज्वलनकक्ष पुन्हा हेडमध्ये गेला आणि व्हॉल्व्ह निरनिराळ्या कोनांत तिरके बसले. कव्हर काढल्यावर साळिंदराच्या काट्यांसारखे ते वर आलेले दिसतात. याचे पहिले रूप, ३९६ घन इंच (६.५ लि.), १९६५ च्या मध्यावर ३२५ व ४२५ अश्वशक्तीत आले. ४०९ त्याच वर्षी संपले. तीन गतींचा ‘टर्बो हायड्रामॅटिक’ गिअरही ३९६ बरोबरच आला.

एसएस. ‘सुपर स्पोर्ट’ हा साज १९६१ च्या मध्यावर सुरू झाला. त्या वर्षी तो खरोखरच यांत्रिक होता: कडक स्प्रिंगा व शॉक अ‍ॅब्सॉर्बर, धातूच्या अस्तराचे ब्रेक, पॉवर स्टीअरिंग, स्टीअरिंगच्या दांड्यावर इंजिनाच्या मिनिटाला ७,००० फेऱ्यांपर्यंत दाखवणारा टॅकोमीटर, आणि इंजिन ३४८ किंवा ४०९ च. इंपालाच्या पाचही बॉडींवर तो मागवता येत असे, असे कागदपत्रांवरून दिसते. गाड्यांची संख्या ४५३ सांगितली जाते, त्यांपैकी १४२ ना ४०९ इंजिन. १९६२ पासून मात्र एसएसचा अर्थच बदलला. बकेट सीट, मधला कन्सोल आणि दाराच्या बाजूची वर्तुळे-वर्तुळे उमटवलेली अ‍ॅल्युमिनियमची पट्टी, एवढ्यावर एसएस मिळू लागली. इंजिन सहा सिलिंडरी असले तरी चाले. ही पट्टी जवळून पाहण्यासारखी असते. चमकती वर्तुळे एकमेकांवर किंचित चढलेली, माशाच्या खवल्यांसारखी. बदललेली नवी पट्टी असेल तर खवले फार नेटके दिसतात.

अस्सल एसएस ओळखणे हा आज संग्राहकांचा मोठा प्रश्न आहे. १९६१ ते १९६३ या काळात एसएस हा निव्वळ पर्याय असल्याने कारखान्याने गाडीला दिलेल्या क्रमांकात त्याची नोंद नाही. कारखान्याचे कागद नसतील तर खात्री देता येत नाही. १९६४ साली ती स्वतंत्र श्रेणी झाली आणि काम सोपे झाले: क्रमांकाची सुरुवात ४१४४७ अशी असेल तर व्ही-८ इंजिनाची एसएस हार्डटॉप, ४१८४७ असेल तर साधी इंपाला. १९६५ च्या पद्धतीत हेच १६६३७ आणि १६४३७ असे होते. १९६८ ला एसएस पुन्हा पर्याय बनली आणि क्रमांकातील खूण गेली. सीट आणि चिन्हे सहज बदलता येतात, हे ध्यानात ठेवून १९६२–६३ व १९६८–६९ च्या गाड्यांबाबत अधिक सावधगिरी घ्यावी.

१९६२ साली एसएसची संख्या लाखाच्या जवळ होती आणि १९६५ साली सुमारे २.४३ लाखांवर गेली. १९६९ साली ती फक्त ४२७ इंजिनासह मिळे. त्या शेवटच्या वर्षी २,४५५ गाड्या बनल्या. लहान, हलक्या गाड्यांत मोठी इंजिने बसू लागल्यावर वेगाचे गिऱ्हाईक तिकडे वळले, हे त्याचे मुख्य कारण दिसते.

कॅप्रिस. १९६५ च्या मध्यावर चार दारांच्या इंपाला हार्डटॉपवर ‘कॅप्रिस’ हा साज देण्यात आला. फोर्डच्या एलटीडीला ते उत्तर होते. १९६६ ला कॅप्रिस स्वतंत्र श्रेणी झाली आणि इंपाला एक पायरी खाली आली. १९६५ साली विक्री दहा लाखांवर गेल्याचे मानले जाते; मात्र बेरजेत एसएस व कॅप्रिस धरायच्या की नाही यावर आकडा बदलतो.

भारतात. जनरल मोटर्सने १९२८ पासून मुंबईत शिवडी येथे शेव्हर्ले गाड्यांची जुळणी केली; ती १९५४ साली थांबली. त्यामुळे एकही इंपाला शिवडीत जुळलेली नाही. भारतात दिसणाऱ्या इंपाला आयात झालेल्या, पुष्कळशा वकिलातींमार्फत आलेल्या आहेत. उजव्या स्टीअरिंगच्या निर्यात गाड्यांत कॅनडातील ओशावा येथील कारखान्याचा वाटा मोठा होता. पेट्रोल महागल्यावर इथल्या अनेक जुन्या अमेरिकन गाड्यांचे मूळ इंजिन काढून डिझेल इंजिन बसवले गेले. अशा गाडीत फेंडरवरचे ‘व्ही’ चिन्ह काही सिद्ध करत नाही. ब्लॉकवर ठोकलेली अक्षरेच वाचावी लागतात.