सांडा : थरमधील काटेरी शेपटीचा सरडा

सांडा हा थरचे वाळवंट, कच्छ आणि त्यांना लागून असलेल्या पाकिस्तानातील कोरड्या मुलखात राहणारा, बीळ खणणारा मोठा सरडा आहे. त्याचे शास्त्रीय नाव सारा हार्डविकी. कुल ॲगॅमिडी, म्हणजे आपल्या कुंपणावर मान हलवत बसणाऱ्या सरड्याचेच. जॉन एडवर्ड ग्रे यांनी १८२७ मध्ये त्याचे वर्णन केले आणि भारतातील प्राण्यांचे नमुने व चित्रे जमवणारे ईस्ट इंडिया कंपनीचे लष्करी अधिकारी थॉमस हार्डविक यांचे नाव त्याला दिले. पूर्वी तो युरोमॅस्टिक्स या प्रजातीत धरला जाई. २००९ पासून सारा ही वेगळी प्रजाती मानतात. तिच्यात तीनच जाती असून भारतात आढळणारी ही एकटीच.

पूर्ण वाढलेला नर शेपटीसह ४० ते ४९ सेंमी. लांब भरतो, मादी थोडी लहान असते. डोके आखूड व बोथट, अंग चपटे, कातडी सैल आणि सुरकुतलेली, रंग मातकट पिवळसर. थंडीत आणि सकाळी अंग गडद दिसते, ऊन चढले की फिकट होते. मांडीच्या पुढच्या बाजूचा काळा डाग ही चटकन पटणारी खूण. शेपटीवर काटेरी खवल्यांची वलये असतात. बिळात शिरलेला सांडा शेपटी दाराकडे ठेवतो आणि कोणी मागे लागले तर तिचे फटके मारतो.

वाळवंट म्हटले की वाळूच्या टेकड्या डोळ्यांपुढे येतात. सांडा तिथे राहत नाही, आणि त्याचा आढळ समजून घ्यायचा तर सुरुवात इथूनच करावी लागते. थरचा मोठा भाग सरकत्या वाळूचा नाही. वाळूच्या टेकड्यांना, म्हणजे धोऱ्यांना, लागून कडक मातीची मैदाने आहेत, जैसलमेरकडे ज्याला मगरा म्हणतात तो खडकाळ, मुरमाड उंचवट्याचा पट्टा आहे, आणि कच्छच्या बाजूला खारवट मातीची सपाट गवताळ कुरणे आहेत. मोकळ्या वाळूवर दुसरेच सरडे राहतात. १९७८ मध्ये जैसलमेर जिल्ह्यातील लोंगेवाला येथून वर्णन झालेला, बेडकासारख्या डोक्याचा छोटा सरडा अंग दोन्ही बाजूंना थरथरवत क्षणात वाळूत गडप होतो. त्याला भुसभुशीत वाळूच हवी. सांड्याला नेमके उलटे हवे असते. त्याचे बीळ वर्षानुवर्षे टिकावे लागते, आणि सैल वाळूत ते ढासळते. फार खडकाळ जमीन खणता येत नाही. म्हणून खणता येईल इतकी मऊ आणि खचणार नाही इतकी घट्ट माती, पावसाचे पाणी साचणार नाही असा किंचित उंचवटा किंवा उतार, आणि गवत-झुडपे विरळ असल्यामुळे लांबवर दिसेल असा मोकळा माळ, असे सगळे जुळून येते तिथेच सांडे दिसतात. अशा जागा सलग नसतात. त्यामुळे एका माळावर पावलापावलावर बिळे आणि तसाच दिसणारा पुढचा माळ रिकामा, असा अनुभव या भागात नेहमीचा आहे. ‘थरमध्ये सांडा आढळतो’ एवढेच वाक्य म्हणूनच दिशाभूल करते. नकाशावर भरीव रंगाने दाखवलेला त्याचा प्रदेश प्रत्यक्षात विखुरलेल्या ठिपक्यांचा आहे.

बिळाचे तोंड जमिनीच्या सपाटीत, उंचीपेक्षा रुंद, वरून कमानीसारखे असते. आत वाट तिरकी उतरते, वळणे घेते. पुष्कळदा तिची लांबी दोन मीटरहून अधिक असते. दार एकच आणि राहणाराही एकच: प्रौढ सांडे बीळ वाटून घेत नाहीत, पिल्ले मात्र सुरुवातीचे दिवस आईच्या बिळात काढतात. बीळ नांदते आहे की ओस पडले आहे हे तोंडाशी वाकून पाहिले की कळते. ताजी उकरलेली माती, तिच्यावर पंजांच्या ठशांमधून गेलेली शेपटीची फरपट, आणि जवळपास गवताच्या तंतूंनी भरलेली, एका टोकाला पांढरा खडा असलेली वाळकी लेंडी दिसली तर धनी घरात आहे. तोंडावर कोळ्याचे जाळे असेल तर तिथे कित्येक दिवसांत कोणी फिरकलेले नाही. सांडा पकडून मोजणे अवघड आणि त्याच्यासाठी घातकही असल्याने अभ्यासक अशी नांदती बिळे मोजूनच संख्येचा अंदाज बांधतात. मात्र ही मोजणी कोणत्या महिन्यात आणि दिवसाच्या कोणत्या वेळी केली यावर फार काही अवलंबून असते. आत गेल्यावर सांडा बीळ आतून मातीने बुजवतो, आणि बंद बीळ नवख्या नजरेला जमिनीपासून वेगळे ओळखू येत नाही.

हिवाळ्यात सांडा बाहेर येत नाही. शरीरात साठवलेल्या चरबीवर तो ते महिने काढतो. फेब्रुवारी-मार्चमध्ये ऊन तापू लागले की बिळे उघडतात आणि वसंतात नर-माद्यांची जुळणी होते. मे-जूनमध्ये हवेचे तापमान ४५ अंश सेल्सिअसच्या पुढे जाते तेव्हा सांड्याचा दिवस दुभंगतो: सकाळी चरणे, भर दुपारी बिळात, उन्हे कलली की पुन्हा बाहेर. दारापासून तो फार दूर जात नाही. आकाशात घार फिरली तरी पळत येऊन तोंडाशी थबकतो आणि धोका जवळ आला तरच आत शिरतो.

मोठा सांडा मुख्यतः शाकाहारी आहे, आणि भारतातल्या सरड्यांमध्ये ही गोष्ट विशेष आहे. गवत, झुडपांचा पाला, केर या काटेरी झुडपाची फुले, खेजडीच्या म्हणजे शमीच्या शेंगा हे त्याचे खाणे. पावसानंतर भुंगेरे आणि नाकतोडेही तो सोडत नाही. पिल्लांच्या आहारात कीटक जास्त असतात. पाण्याची बहुतेक गरज पाल्यातून भागते. वाळवंटी वनस्पतींतून येणारे जादा क्षार सांडा नाकातील ग्रंथींवाटे बाहेर टाकतो. जवळून पाहिल्यास नाकपुड्यांभोवती त्याची पांढरी पुटे दिसतात.

गवत खाऊन मांस तयार करणारा हा प्राणी अनेकांचे पोट भरतो. लग्गड ससाणा, सुपर्ण गरुड, वाळवंटी घोरपड, खोकड, वाळवंटी मांजर हे सारे सांड्यावर जगतात. मांडूळ बिळात शिरून त्याला गाठते. माळढोकही सरडे खातो, आणि त्याला लागणारा मोकळा माळ व सांड्याचा माळ पुष्कळ ठिकाणी एकच आहे. सोडलेल्या बिळांत साप, पाली, भुंगेरे आसरा घेतात. जिथे झाडाची सावली अर्ध्या कोसावर आहे तिथे जमिनीखालच्या या गारव्याचे मोल मोठे आहे.

भारतात आज सांड्याचा मुख्य आढळ पश्चिम राजस्थानात आणि कच्छमध्ये आहे. जैसलमेर-बाडमेरमधील डेझर्ट नॅशनल पार्क, बिकानेरजवळचे जोडबीड, चुरू जिल्ह्यातील ताल छापर आणि कच्छचे बन्नी ही त्याची परिचित ठिकाणे. जुन्या नोंदी पंजाब, हरियाणा आणि गंगेच्या मैदानाच्या पश्चिम भागापर्यंत जातात. तिथले माळ आता शेताखाली आहेत. सीमेपलीकडे सिंध, पंजाब आणि बलुचिस्तानात तो आहे.

महाराष्ट्रात सांडा नैसर्गिकरीत्या आढळत नाही. इथे तो ठाऊक आहे तो रस्त्याकडेच्या पथाऱ्यांमुळे. सांध्यांच्या दुखण्यावर आणि पौरुषासाठी म्हणून विकले जाणारे सांड्याचे तेल म्हणजे मारलेल्या सरड्याची वितळवलेली चरबी. इतर प्राण्यांच्या चरबीत नाही असा कोणताही औषधी गुण तिच्यात नाही. बिळे खणून किंवा त्यांत पाणी ओतून सांडे पकडतात आणि पळू नयेत म्हणून जिवंतपणीच त्यांचा कणा मोडतात. हे क्रौर्य गिऱ्हाइकाच्या दृष्टीआड घडते, म्हणून ते इथे स्पष्ट लिहिणे गरजेचे आहे. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार सांडा पकडणे, मारणे आणि त्याच्या अवयवांचा व्यापार करणे गुन्हा आहे. वन्य प्राणी-वनस्पतींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरील साईटीस करारात तो दुसऱ्या परिशिष्टात आहे, तर आययूसीएन या जागतिक निसर्गसंवर्धन संघटनेच्या लाल यादीत ‘असुरक्षित’ गटात.

शिकारीइतकाच मोठा घाला जमिनीवर पडतो. १९५८ मध्ये काम सुरू झालेल्या इंदिरा गांधी कालव्याने थरच्या मोठ्या पट्ट्यात पाणी आणले. माणसांसाठी ते वरदान ठरले, पण सांड्याला हवी असलेली घट्ट, सपाट जमीन नांगरालाही सोयीची असते, आणि नांगर फिरला की बिळे संपतात. बन्नीत १९६० च्या दशकात मिठाचे वाळवंट रोखण्यासाठी विलायती बाभळीची लागवड झाली. तिची दाटी वाढेल तसा मोकळा माळ आक्रसतो. सौरऊर्जा प्रकल्पांनाही अशीच सपाट, मोकळी जमीन लागते. वसाहती आधीच तुटक असल्याने मधली जमीन गेली की एका ठिकाणचे सांडे संपल्यावर दुसरीकडून तिथे येणारे उरत नाहीत.

सरकारी दप्तरात या माळांची नोंद बहुधा पडीक अशी असते, आणि पडीक म्हटली की ती कशालाही देता येते. राजस्थानातील ओरणांनी, म्हणजे तिथल्या देवरायांनी, आणि गावच्या गोचरांनी, म्हणजे गायरानांनी, अशी बरीच जमीन आजवर राखली आहे. बेताची चराई सांड्याला मानवते, कारण तिने माळ मोकळा राहतो. डिसेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ओरणांचे सर्वेक्षण करून त्यांना वनाचा दर्जा देण्याचे निर्देश राजस्थान सरकारला दिले. अंमलबजावणी करताना ‘वन’ याचा अर्थ झाडे लावणे असा घेतला गेला, तर कागदावर वाचलेल्या माळावर सांड्याला राहता येणार नाही. तिथे झाडांची दाटी करू नये आणि जमीन आहे तशी उघडी ठेवावी.