सर क्रीक: मुंबईच्या एका ठरावाचं शेपूट

कच्छच्या रणाच्या पश्चिम टोकाला 96 किलोमीटर लांबीची सर क्रीक नावाची खाडी आहे. भरतीला पाणी, ओहोटीला गाळ. ना वस्ती, ना शेती. तरी तिच्यावरून भारत-पाकिस्तानचं भांडण मिटत नाही, आणि त्या भांडणाचा मूळ कागद निघाला तो मुंबईतून.

सुरुवात म्हणे काठावरच्या जळाऊ लाकडांवरून झाली. लाकडं कच्छच्या रावांची की सिंधची? सिंध 1936 पर्यंत मुंबई इलाख्यातच होता. म्हणजे एक पक्षकार घरचा आणि निवाडा करणारेही घरचेच. 1914 मध्ये मुंबई सरकारने ठराव केला, नकाशा जोडला. त्यावरची हिरवी रेघ खाडीच्या पूर्व काठाने जाते, म्हणून अख्खी खाडी आपली, असं पाकिस्तान म्हणतो. पण त्याच ठरावाच्या पुढच्या परिच्छेदात बोटी चालतील अशा प्रवाहाच्या मध्यावर हद्द धरण्याचं तत्त्व आहे. भारत त्यावर बोट ठेवतो. पाकिस्तानचं उत्तर, इथे बोटी चालतातच कुठे? भारत म्हणतो, भरतीला येऊन बघा.

एप्रिल 1965 मध्ये रणात चकमकी झाल्या. पुढे आंतरराष्ट्रीय लवादाने 1968 मध्ये पाकिस्तानने मागितलेल्या प्रदेशापैकी सुमारे दहा टक्के त्याला दिला. खाडी मात्र लवादापुढे आलीच नाही.

खरं तर चिखल कोणालाच नको आहे. सागरी हद्दीची रेघ खाडीच्या मुखापासून सुरू होते. मुखाशी ती जराशी सरकली, तरी खोल समुद्रात मासळीचा आणि असलंच तर तेल-वायूचा मोठा पट्टा इकडचा तिकडे जातो.

कारगिल संपतंय न संपतंय तोच, 10 ऑगस्ट 1999 रोजी याच भागात भारतीय हवाई दलाने पाकिस्तानी नौदलाचं विमान पाडलं. 16 जण मेले. 2007 मध्ये दोघांनी मिळून खाडीची पाहणीही केली. 2008 च्या मुंबई हल्ल्यानंतर बोलणी थंडावली. पुढच्या बैठकांतूनही काही निघालं नाही.

पाण्यावर रेघ दिसत नाही. गुजरातच्या बोटींवर डहाणू-तलासरीकडचे आदिवासी खलाशी असतात. बोट पकडली गेली की कराचीचा मलीर तुरुंग. माणसं पुढेमागे वाघा-अटारीमार्गे सुटून येतात; बोटी बहुतेक तिकडेच राहतात.