तीस खाटा, सत्तावीस रुग्ण आणि बारावा माणूस

कापसाचे पैसे हाती आले की आमच्याकडच्या पानठेल्यांवर गप्पांना धार येते. यंदा कुठल्याशा नव्या साथीच्या बातमीवरून विषय निघाला आणि नेहमीप्रमाणे कोरोनावर जाऊन पोचला. "शंभरातले नव्व्याण्णव लोकं बरे झाले ना, सर. मंग दवाखाने काहून भरले? पैशासाठी!" बोलणारा माझाच जुना विद्यार्थी. अमरावती जिल्ह्यातल्या दर्यापूर तालुक्यात शेती करतो, हिशेबाला पक्का आहे, बियाण्याच्या पाकिटावरचं बारीक अक्षरही वाचतो. म्हणून वाईट वाटलं. त्याची टक्केवारी ढोबळमानाने बरोबर होती, चुकला होता तो तिच्यातून काढलेला निष्कर्ष. मी तिथे उभ्या उभ्या समजावू लागलो, पण एसटी आली आणि बोलणं अर्धं राहिलं. उरलेलं इथे लिहितो.

पैशाचं आधी मिटवून टाकू. बिलांच्या तक्रारी खोट्या नव्हत्या. महाराष्ट्र सरकारने मे २०२० मध्ये खासगी रुग्णालयांतल्या ८० टक्के खाटांचे दर बांधून दिले होते: साध्या कक्षासाठी रोज ४,००० रुपये, अतिदक्षता विभागासाठी ७,५०० आणि व्हेंटिलेटरसह ९,०००. तरीही अनेकांच्या हातात पडलेले कागद वेगळेच होते. पण कुणी जास्त पैसे घेतले म्हणून दवाखान्याच्या दारातली रांग खोटी ठरत नाही. रांग आजाराची होती आणि लूट त्या रांगेच्या जिवावर झाली.

आता टक्केवारीकडे येऊ. एका तालुक्यात एक लाख लोकांना लागण झाली आणि त्यांतल्या फक्त एका टक्क्याला दवाखान्याची गरज लागली असं धरा. म्हणजे १,००० माणसं. प्रत्येक जण सरासरी दहा दिवस राहतो. हीच लागण वर्षभरात सावकाश झाली, तर रोज पावणेतीन रुग्ण येतील आणि कोणत्याही दिवशी साधारण २७ खाटा भरलेल्या दिसतील. तीच लागण दीड महिन्यात उरकली, तर रोज २२ येतील आणि खाटा लागतील २२०. विषाणू तोच, टक्का तोच, तालुकाही तोच. आपल्याकडच्या ग्रामीण रुग्णालयाला, म्हणजे साधारण सव्वा लाख वस्तीच्या दवाखान्याला, ३० खाटांचा मापदंड आहे. प्राथमिक आरोग्य केंद्रात तर जेमतेम सहा.

रोज येणारे गुणिले राहण्याचे दिवस म्हणजे भरलेल्या खाटा. हा साधा गुणाकार लिटलचा नियम म्हणून ओळखला जातो. जॉन लिटल यांनी १९६१ मध्ये तो सिद्ध केला. बँकेतल्या रांगेला, खरेदी केंद्राबाहेर उभ्या कापसाच्या गाड्यांना, सगळ्यांना तो लागू पडतो.

पण मला खरी भुरळ पडते ती याच्या पुढच्या पायरीची. थोडं गणित येईल, घाबरू नका.

२७ खाटा लागतात आणि ३० आहेत, म्हणजे भागलं की! असं वाटतं, पण भागत नाही. रोज पावणेतीन ही सरासरी झाली, आणि सरासरीने कुणी आजारी पडत नाही. एखाद्या दिवशी कुणीच येत नाही, एखाद्या दिवशी सहा येतात. रिकाम्या दिवशीची खाट साठवून ठेवता येत नाही, ती तूर नाही की गोदामात राहील. गर्दीच्या दिवशी मात्र एकतिसाव्या माणसाला दारातूनच परतावं लागतं.

पन्नाशी ओलांडलेल्यांना ट्रंक कॉल आठवत असेल. पोस्टात जाऊन नागपूरचा नंबर लावायचा आणि पलीकडून उत्तर यायचं, लाइन बिझी. ठरावीक तारा, कधीही येणारे कॉल, प्रत्येकाचं बोलणं कमी-जास्त लांबीचं. अशा वेळी किती कॉल फुकट जातील? कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीत काम करणाऱ्या आग्नर एरलांग या गणितज्ञाने १९१७ मध्ये याचं सूत्र काढलं. तारेच्या जागी खाट ठेवा, कॉलच्या जागी रुग्ण. "लाइन बिझी"च्या जागी आपल्या ओळखीचं वाक्य येतं: "अमरावतीला न्या." आणि तिथून: "नागपूरला न्या."

मी ३० खाटा घेऊन हे सूत्र चालवून पाहिलं. राहण्याचे दिवस सरासरी दहा. रोज दोन रुग्ण येत असतील, तर शंभरात एकही धड परत जात नाही. रोज तीन येऊ लागले की शंभरातले १३ परत जातात. रोज चार आले की ३०. रुग्ण दोनाचे तीन झाले, म्हणजे दीडपट. परत जाणाऱ्यांचं प्रमाण मात्र पंधरापट. आणि वरचा तो आरामाचा वाटणारा हिशेब, २७ लागतात नि ३० आहेत? त्यातही दर बारा रुग्णांमागे एकाला पुढे पाठवावं लागतं. सरासरीत तीन खाटा रिकाम्या दिसत असताना.

या सूत्राची एक गंमत मला वर्गात सांगायला फार आवडते. कोण किती दिवस राहिला याची वाटणी कशीही असू द्या, कुणी दोन दिवस, कुणी महिना, उत्तर फक्त सरासरीवर ठरतं. याची सिद्धता सुंदर आहे, पण ती इथे मांडली तर संपादक मला परत पाठवतील, बाराव्या रुग्णासारखे. एक मात्र सांगायला हवं. सूत्र असं धरून चालतं की रुग्ण एकमेकांशी संबंध नसताना येतात. साथीत तसं नसतं. एका लग्नातून, एका तेरवीतून एकाच घरातले पाच जण एका आठवड्यात येतात. म्हणून प्रत्यक्ष चित्र या आकड्यांहून वाईटच असतं. शिवाय साथ आली म्हणून साप चावायचे थांबत नाहीत, बाळंतपणं थांबत नाहीत, फवारणीची विषबाधा थांबत नाही. त्या तीस खाटांत हेही आलेच.

फेब्रुवारी २०२१ मध्ये दुसऱ्या लाटेची चाहूल राज्यात पहिल्यांदा आमच्याच भागात लागली आणि अमरावती जिल्ह्यात टाळेबंदी झाली. तेव्हा चौकात एकच वाद होता: खाटा रिकाम्या आहेत, मग बाजार बंद काहून? कापूस पिकवणाऱ्याला याचं उत्तर गुलाबी बोंडअळीवरून पटावं. बोंड वरून हिरवंगार असतं, फोडलं की आत अळी. आज दवाखान्यात दिसणारा रुग्ण साधारण दहा-बारा दिवसांपूर्वी लागण झालेला असतो. आधी लक्षणं दिसायला सरासरी पाच दिवस, मग दम लागेपर्यंत आणखी आठवडा. लागण दर सहा दिवसांनी दुप्पट होत असेल, तर आज दिवसाला दहा रुग्ण येत असताना बारा दिवसांनी दिवसाला येणारे चाळीस आधीच वाटेत आहेत. बाजार आज बंद केला तरी ते येणारच. बंदीने ज्यांची मजुरी बुडाली त्यांचा राग मला समजतो, आणि त्यांच्या पोटाची सोय आधी करायला हवी होती हेही मान्य. पण "खाटा रिकाम्या आहेत" हा पुरावा शिळा होता.

दुसरा समज याच्या उलट टोकाचा: दवाखान्यात नेलं की माणूस परत येत नाही. या भीतीने लोक घरी थांबले, आणि थांबून कापराच्या पुरचुंड्या हुंगल्या. ओवा, लवंग, कापूर हुंगला की ऑक्सिजन वाढतो, असा निरोप मोबाइलवर फिरत होता. कुणी पिंपळाखाली खाट टाका म्हणत होतं. पिंपळाखाली काय, भर वावरात काय आणि बंद खोलीत काय, हवेतला ऑक्सिजन जवळपास २१ टक्केच. अडचण फुप्फुसातून तो रक्तात उतरण्याची होती. त्यासाठी पालथं झोपण्याचा उपयोग होतो, कारण पाठीकडचा फुप्फुसाचा भाग मोकळा होतो. कापराचा होत नाही. दम लागल्याचं न जाणवताही रक्तातला ऑक्सिजन ९४ टक्क्यांच्या खाली घसरू शकतो. तो ऐंशीच्या खाली गेल्यावर आणलेला माणूस दहाऐवजी, समजा, वीस दिवस राहतो, राहिला तर. राहण्याचे दिवस दुप्पट झाले की लिटलच्या नियमाने ३० खाटांचा दवाखाना १५ खाटांचा होतो. भीती खरी ठरते, मग आणखी लोक घरी थांबतात.

लागण कुठे होते, यावरही तेव्हा भांडणं झाली. आपल्याकडच्या उन्हाळ्यापुरतं सांगतो. खिडकीत बसवलेला कूलर बाहेरची हवा आत ओढतो, समोरचं दार उघडं असेल तर श्वासातून बाहेर पडलेले सूक्ष्म थेंब बाहेर जातात. तोच कूलर खोलीत ठेवून दारं लावली, की एकाचा श्वास सगळ्यांच्या वाट्याला. एसी बहुधा दुसऱ्या प्रकारात मोडतो.

मागच्या आठवड्यात तो विद्यार्थी पुन्हा भेटला. ठेल्यावरच्या पुठ्ठ्यावर मी त्याला शंभरातल्या परत जाणाऱ्यांचे १३ आणि ३० लिहून दाखवले. तो बराच वेळ बघत राहिला. मग म्हणाला, "मंग दहा खाटा जास्तीच्या टाकाच्या ना, सर. खाटेला काय लागते?"

प्रश्न चांगला होता. रोज तीन रुग्ण आणि ३०ऐवजी ४० खाटा असतील, तर परत जाणारे शंभरात १३ वरून दीडच्याही खाली येतात. मी ते लिहिलं, आणि खाली दुसरा हिशेब मांडला. एका रुग्णाला मिनिटाला दहा लिटर ऑक्सिजन, दहा जणांना शंभर. दिवसाला १,४४,००० लिटर. एका जंबो सिलिंडरमध्ये साधारण ७,००० लिटर.

"वीस-एकवीस सिलिंडर," तो म्हणाला. "रोज?"

"रोज. आणि ते रात्री तीनला बदलणारा एक माणूस."

त्याने पुठ्ठा दुमडून खिशात घातला.