स्क्रू तेच, ऑपरेशन वेगळं: पावलातला सांधा वाचवायचा की जोडून टाकायचा?

पावलाच्या मधल्या भागाला जबर दुखापत झाली की डॉक्टर सांगतात, "स्क्रू-प्लेट टाकावी लागेल." घरचे मान डोलावतात. पण याच शब्दांत दोन अगदी वेगळी ऑपरेशनं सांगितली जातात, आणि नंतरचे एक्स-रे तर बघणाऱ्याला सारखेच वाटतात.

फिक्सेशनमध्ये निसटलेली हाडं जागेवर बसवतात आणि सगळं भरून येईपर्यंत धरून ठेवतात. सांधा शाबूत राहतो. फ्यूजनमध्ये सांध्यातली कूर्चा (हाडांच्या टोकांवरचं गुळगुळीत आवरण) खरवडून काढतात, खालचं हाड उघडं करतात आणि दोन हाडं कायमची एकजीव होऊ देतात. खरा फरक त्या खरवडण्यात आहे, आणि तो एक्स-रेवर चटकन कळत नाही.

हा प्रश्न मुख्यतः येतो तो लिसफ्रँक सांध्याच्या, म्हणजे पावलाच्या मधे बोटांमागची लांब हाडं जिथे सुरू होतात त्या सांध्याच्या दुखापतीत. या नावाचे फ्रेंच शल्यचिकित्सक एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीचे. त्यांनी या सांध्यातून पाऊल कापण्याची पद्धत सांगितली होती, म्हणून नाव पडलं. अंगठ्याशेजारच्या बोटाचं लांब हाड इथे कमानीतल्या मधल्या दगडासारखं खाचेत बसलेलं असतं. त्याला आतल्या बाजूच्या पाचरीसारख्या हाडाशी एक तिरका, मजबूत लिगामेंट (हाडाला हाडाशी बांधणारा चिवट पट्टा) बांधून ठेवतो. पहिल्या आणि दुसऱ्या लांब हाडांच्या बुडाशी मात्र एकमेकांना बांधणारा असा लिगामेंट नसतो. त्यामुळे तो तिरका तुटला की तिथे फट पडते. झोपून काढलेल्या एक्स-रेत ती लपू शकते, उभं राहून वजन टाकून काढलेल्यात दिसते. तळव्यावर मधोमध काळंनिळं झालं असेल तर "मुरगळलंय, बसेल" म्हणून कृपया सोडून देऊ नका.

हाड मोडलं असेल आणि तुकडे नीट जुळत असतील तर फिक्सेशनला चांगला आधार असतो, कारण हाड हाडाला भरून येतं. नुसता लिगामेंट फाटला असेल तर तो तितक्या भरवशाने सांधत नाही. स्क्रू काढल्यावर सांधा पुन्हा सैल होऊ शकतो, झिजू शकतो. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या ४१ रुग्णांच्या अभ्यासात फक्त लिगामेंट फाटलेल्यांमध्ये फ्यूजनचे निकाल सरस ठरले. २००९ च्या ४० रुग्णांच्या अभ्यासात दोन्हींचे निकाल जवळपास सारखे आले, पण फिक्सेशनवाल्यांना स्क्रू काढण्यासाठी पुन्हा ऑपरेशन जास्त लागलं. म्हणजे वाद मिटलेला नाही. सांध्याच्या पृष्ठभागाचाच चुरा झाला असेल तर मात्र मला फ्यूजनचं पारडं जड वाटतं.

"सांधा जोडला तर चालता येईल का?" ही भीती मी समजू शकतो. पण पहिल्या तीन बोटांमागचे हे सांधे मुळातच जेमतेम हलतात. चालताना जी लवचीकता लागते ती चौथ्या-पाचव्या बोटांमागच्या सांध्यांत असते, म्हणून ते सहसा जोडत नाहीत. गरज पडली तर काही आठवडे तारांनी धरतात आणि मग तारा काढतात.

फ्यूजनचा स्वतःचा धोका म्हणजे हाडं न जुळणं. धूम्रपानाने तो वाढतो. दोन्हींत पावलावर वजन टाकायला साधारण सहा आठवडे किंवा जास्त बंदी असते.

म्हणून ऑपरेशनआधी सर्जनना इतकंच विचारा: "कूर्चा ठेवणार की काढणार? आणि स्क्रू नंतर काढावे लागतील का?"