हेडफोनचा ॲम्प घेताना वॉट नको, ओम विचारा

मे महिन्यात नागपुरात रात्री गाणी ऐकायची तर आधी कूलरशी भिडावं लागतं. पंख्याची घरघर, पाण्याच्या मोटरची कुरकुर, त्यावर स्पीकर चढवला की शेजारी उठून बसतात. मग माणूस हेडफोनकडे वळतो. कपांना बाहेरून जाळी असलेला हेडफोन हिवाळ्यात झकास, पण उन्हाळ्यात तो कूलरचा आवाज जसाच्या तसा आत घेतो. अशा वेळी बंद कपांचाच हवा. त्यातूनही खालची घरघर थोडी झिरपतेच, आणि ती बुडवायला बटण वर वर सरकत जातं. जागतिक आरोग्य संघटनेनं प्रौढांसाठी आठवड्याला 40 तास 80 डेसिबल ही मर्यादा सांगितली आहे. दर 3 डेसिबल वाढले की हा वेळ निम्मा होतो.

आता हेडफोनला वेगळा ॲम्प, म्हणजे सिग्नल वाढवणारी पेटी, लागतो का? आकड्यातच पाहू. बायरडायनॅमिकचा डीटी 770 प्रो हा बंद कपांचा हेडफोन 32, 80 आणि 250 ओम अशा तीन प्रकारांत येतो. ओम म्हणजे विजेला होणाऱ्या अडथळ्याचं माप. 250 ओमवाल्याला 1 मिलिवॉट दिला की सुमारे 96 डेसिबल आवाज निघतो. गाण्यातले क्षणभराचे उंच टप्पे 110 डेसिबलपर्यंत विनातक्रार जावेत असं धरलं, तर 25 मिलिवॉट पुरतात. ॲम्पच्या खोक्यावर छापलेल्या दोन-दोन वॉटची इथे काहीच गरज नाही. पण हे 25 मिलिवॉट 250 ओममध्ये ढकलायला अडीच व्होल्ट लागतात, आणि मोबाइलची पिन बहुधा 1 व्होल्टच्या आसपास थकते. 1 मिलिवॉटला तेवढाच आवाज देणाऱ्या 32 ओमच्या हेडफोनला 0.9 व्होल्टमध्ये काम भागतं, मात्र विद्युतप्रवाह जवळपास तिप्पट लागतो. म्हणजे जास्त ओमच्या हेडफोनला व्होल्ट हवे, कमी ओमच्याला प्रवाह. ॲम्प निवडायचा तो आपल्या हेडफोनची यातली भूक बघून.

‘माझ्या स्टीरिओला हेडफोनचं भोक आहेच की!’ असं कुणी म्हणेल. आहे, पण त्याच्यामागे काय आहे ते बघायला हवं. कितीतरी जुन्या स्टीरिओ ॲम्पमध्ये स्पीकरच्याच आउटपुटला एक रेझिस्टर, म्हणजे वीज अडवणारा छोटा भाग, लावून ती वायर पुढे आणलेली असते. कंपनीचा खर्च वाचतो. आयईसी 61938 या आंतरराष्ट्रीय मानकातही 120 ओमचा आउटपुट इम्पीडन्स (ॲम्पच्या बाजूचा विजेचा अडथळा) सुचवलेला होता, त्यामुळे याला निव्वळ चालूगिरी म्हणता येत नाही.

पंचाईत अशी की हेडफोनचा इम्पीडन्स सगळ्या सुरांना सारखा नसतो. समजा, एक 32 ओमचा हेडफोन खालच्या सुरांत एका ठिकाणी 64 ओमवर चढतो. मागे 120 ओम असले तर व्होल्टेजची वाटणी बदलते आणि तेवढाच पट्टा 4 डेसिबलहून जास्त फुगतो. तबल्याचा डग्गा घुमायला लागतो, तानपुरा चिखलात रुततो. मागे 2 ओमच असतील तर हाच फरक पाव डेसिबलच्या आसपास राहतो, तो कानाला कळत नाही. म्हणून ॲम्पचा आउटपुट इम्पीडन्स हेडफोनच्या एक-अष्टमांशापेक्षा कमी असावा असा ठोकताळा आहे. प्लॅनर जातीच्या (सपाट पातळ पडद्याच्या) हेडफोनचा इम्पीडन्स जवळजवळ सपाट असतो, त्यांना हा त्रास फारसा होत नाही.

आउटपुट इम्पीडन्सचा आकडा खोक्यावर क्वचितच सापडतो. दुकानदार ‘भाऊ, बास बघा न याचा!’ म्हणून मोकळा होतो. पण घरी तो मोजता येतो. बर्डीच्या बाजारातून 33 ओमचा एक रेझिस्टर आणा, चिल्लर पैशांत मिळतो. मोबाइलवर 50 हर्ट्झचा सलग सूर लावून तो ॲम्पला द्या. हेडफोन न जोडता, ॲम्पच्या हेडफोनच्या भोकात एक वायर घालून तिच्या दुसऱ्या बाजूच्या पिनेचं टोक आणि बुंधा यांच्यामध्ये मल्टिमीटर एसी व्होल्टवर धरा आणि आवाज 1 व्होल्टवर आणून ठेवा. मग त्याच दोन ठिकाणी रेझिस्टर जोडा. आकडा 0.97 वर थांबला तर आउटपुट इम्पीडन्स 1 ओमच्या आसपास. निम्म्यावर आला तर 33 ओम. 0.22 पर्यंत कोसळला तर तुमच्याकडे तो 120 ओमवाला आहे.

गेनचं, म्हणजे सिग्नल किती पट वाढवायचा ते ठरवणारं, बटण असलेला ॲम्प मिळाला तर घ्या आणि ते खालच्या खाचेवर ठेवा. सीडी प्लेअर 2 व्होल्टच्या घरात देतोच, त्याला दहापट वाढवून उपयोग काय? आवाजाचं बटण मग आठ-नऊच्या काट्यापुढे नेताच येत नाही, आणि तिथे बटणामागच्या स्वस्त पोटेन्शिओमीटरच्या (आवाज कमी-जास्त करणाऱ्या भागाच्या) डाव्या-उजव्या दोन पट्ट्या जुळत नाहीत. गाणं एका कानाकडे कलतं.

जोडणी सोपी आहे. स्टीरिओच्या पाठीमागे ‘रेक आउट’ किंवा ‘टेप आउट’ लिहिलेली लाल-पांढरी जोडी असेल तिथून हेडफोन ॲम्पच्या इनपुटला वायर न्या. हा सिग्नल आवाजाच्या बटणाच्या आधीचा असतो, त्यामुळे स्पीकर शून्यावर ठेवला तरी हेडफोनला पुरेपूर मिळतो. ‘प्री आउट’ बटणाच्या नंतरचा असतो, तिथे दोन बटणं सांभाळावी लागतात. स्पीकरच्या टर्मिनलवरून मात्र काहीही ओढू नका. तिथे व्होल्टेज भलतंच जास्त असतं. शिवाय आजकालच्या बऱ्याच डिजिटल ॲम्पमध्ये काळ्या टर्मिनलवरही सिग्नल असतो, आणि हेडफोनची साधी पिन डाव्या-उजव्याचे दोन्ही काळे एकत्र करते. ॲम्प जागीच जळू शकतो.

जोडल्यावर ‘घूं’ असा आवाज आला तर तो बहुधा विजेचा 50 हर्ट्झ आणि त्याची दुप्पट. दोन तीन-पिनी उपकरणं वेगवेगळ्या सॉकेटवर असली की अर्थिंगच्या तारा आणि सिग्नलच्या वायरीचं कवच मिळून एक वेढा तयार होतो, त्यातून हा प्रवाह फिरतो. महाल-इतवारीतल्या जुन्या घरांत तर खोल्यांचं वायरिंगही वेगवेगळ्या काळातलं असू शकतं. सगळं एकाच एक्स्टेन्शन बोर्डवर घ्या, बहुतेक वेळा आवाज तिथेच मिटतो. अर्थिंगची पिन कापण्याचा सल्ला देणारे भेटतात. त्यांचं ऐकू नका.

हेडफोन लावताना आणि काढताना ॲम्पचा आवाज शून्यावर असू द्या. 6.35 मिमीची मोठी पिन मुळात टेलिफोन एक्स्चेंजच्या स्विचबोर्डासाठी घडवलेली. ती आत सरकताना तिची कडी क्षणभर भलत्याच पट्टीला लागते आणि आउटपुट शॉर्ट होतं.